नंबरचा डायव्हिंग मास्क बिघडला तर: काय दुरुस्त होते आणि काय बदलावेच लागते

साधा मास्क फुटला तर तारकर्लीच्या किनाऱ्यावर, गोव्यातल्या ग्रँड आयलंडला जाणाऱ्या बोटीवर किंवा अंदमानातल्या डायव्ह सेंटरमध्ये दुसरा मास्क भाड्याने मिळतो आणि काम भागते. उणे साडेचार नंबर असलेल्या डायव्हरची गोष्ट वेगळी आहे. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, कारण चष्म्याच्या काड्या सिलिकॉनच्या कडेखालून बाहेर येतात आणि तिथून पाणी शिरते. भाड्याच्या साध्या मास्कमधून त्याला समोरचा मासा दिसत नाही, आणि त्याहून गंभीर म्हणजे सोबत्याने हाताने केलेली खूणही नीट दिसत नाही. म्हणून नंबरचा मास्क बिघडल्यावर तो टाकून द्यायचा की दुरुस्त करायचा, याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. कोकणातले डायव्हिंग पावसाळ्यात बंद असते आणि या कामासाठी तेच दिवस सोयीचे पडतात. परदेशातून सुटा भाग मागवावा लागला तरी हंगाम सुरू होईपर्यंत तो हातात पडतो.

आधी मास्कचा प्रकार ओळखावा

नंबरचे मास्क मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि पुढची सगळी दुरुस्ती या फरकावर अवलंबून असते. पहिल्या प्रकारात डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन सुट्या काचा असतात. कंपनीने बसवलेली साधी काच काढून तिच्या जागी त्याच आकाराची नंबरची तयार काच बसवलेली असते. क्रेसीचा फोकस, मारेसचा एक्स-व्हिजन, ॲक्वालंगचा लुक, स्कूबाप्रोचा झूम इव्हो हे या प्रकारातले परिचित मास्क आहेत. दुसऱ्या प्रकारात मास्कची मूळ काच तशीच राहते आणि तिच्या आतल्या बाजूला डायव्हरच्या नंबरप्रमाणे घासून तयार केलेली लेन्स पारदर्शक गोंदाने चिकटवलेली असते.

कोणता प्रकार आपल्याकडे आहे हे कळत नसेल, तर मास्क ट्यूबलाइटखाली तिरका धरून काचेकडे कडेने पाहावे. काचेच्या आत दुसऱ्या लेन्सची कड स्पष्ट दिसली, तर ती चिकटवलेली आहे. काच बाहेरून सपाट, आतून खोलगट आणि फ्रेमच्या कडेपर्यंत सलग असेल, तर ती बदलता येणारी आहे. फ्रेमलेस मास्कमध्ये सिलिकॉनचा स्कर्ट, म्हणजे चेहऱ्यावर टेकणारा मऊ भाग, आणि काच एकत्रच घडवलेले असतात, त्यामुळे त्यात काच बदलण्याचा प्रश्नच येत नाही. अशा मास्कमध्ये नंबर असेल तर तो चिकटवलेलाच असणार.

काच बाहेरून सपाट ठेवण्यामागे कारण आहे. वक्र पृष्ठभागाला हवेऐवजी पाणी लागले की त्याची प्रकाश वळवण्याची ताकद बरीच घटते. म्हणून सगळी वक्रता आतल्या, हवेच्या बाजूला ठेवली जाते आणि जमिनीवरचा नंबर पाण्यातही तोच राहतो. काच बसवताना बाजू उलटली तर नंबर कुठल्या कुठे जातो, म्हणून ही बाब पुढेही लक्षात ठेवावी लागेल.

नुकसान तपासताना

मास्क अर्धा तास कोमट गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा. वाळलेले मीठ फटींत बसून चिरा झाकते आणि क्लिपही घट्ट धरून ठेवते. मग मऊ कापडाने पुसून काच उजेडात फिरवावी आणि नखाचे टोक तिच्यावरून हलके सरकवावे. नख अडकत नसेल असा बाहेरचा ओरखडा फारसा त्रास देत नाही, कारण पाण्यात तो ओरखडा पाण्यानेच भरतो आणि जवळजवळ दिसेनासा होतो. आतल्या बाजूचा तसाच ओरखडा मात्र हवेत असल्यामुळे दिसतच राहतो, आणि सूर्य समोर असताना त्याची चकाकी फार जाणवते. तो घासून घालवण्याचा प्रयत्न केला तर आतल्या वक्रतेत फरक पडतो, म्हणून त्या भानगडीत पडू नये.

काचेच्या कडेचा टवका उडालेला असेल तर चर्चेला जागा नाही. तो मास्क पाण्यात नेऊ नये. मास्कची काच टेम्पर्ड असते. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड करतात, त्यामुळे तिचा बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. म्हणूनच ती साध्या काचेपेक्षा बळकट असते, आणि फुटली तरी तिच्या लांब धारदार कपच्या न होता बारीक खडे होतात. पण हा तोल कडेपाशी सर्वांत नाजूक असतो. टेम्पर केलेली काच नंतर कापता येत नाही, घासता येत नाही. घासायला गेल्यास अख्खी काच हातात फुटू शकते. तेव्हा ‘कड थोडी घासून देतो’ असे कोणी सांगितले तर नम्रपणे मास्क परत घ्यावा. चष्म्याची साधी लेन्स मास्कच्या आकारात कापून फ्रेममध्ये बसवून देण्याचा उद्योगही काही ठिकाणी चालतो. ती लेन्स टेम्पर्ड नसते, तिची कड खाचेच्या जाडीला जुळत नाही, आणि फुटली तर ती डोळ्यासमोर फुटते. नवी काच घेताना तिच्यावर टेम्पर्ड असल्याची कोरलेली खूण पाहावी. डायव्हिंग मास्कसाठी ईएन १६८०५ हे युरोपीय मानक आहे. मास्कवर किंवा त्याच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर त्याचा उल्लेख सापडला तर उत्तमच.

स्कर्ट तपासताना तो बोटांनी ताणून नाकाच्या पिशवीच्या घड्या आणि काचेला लागून असलेली कड पाहावी. पिवळेपणा हा दोष नव्हे. उन्हाने, सनस्क्रीनने किंवा काळ्या रबराच्या फिन्सना चिकटून ठेवल्याने पारदर्शक सिलिकॉन रंग बदलते. फाटलेला स्कर्ट मात्र चिकटवण्याच्या फंदात पडू नये. बऱ्याचशा गोंदांना सिलिकॉन धरतच नाही, आणि जे धरतात त्यांचा कडक झालेला सांधा गालावर बसत नाही. बहुतेक मॉडेलांचा स्कर्ट सुटा विकला जात नाही, तेव्हा स्कर्ट फाटला म्हणजे मास्क गेला असे धरावे. त्यातल्या नंबरच्या काचा मात्र काढून जपाव्यात, कारण त्याच मॉडेलच्या नव्या मास्कमध्ये त्या बसतात.

नव्या काचेचा नंबर ठरवणे

तयार काचा साधारणतः उणे १ पासून पुढे अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात. काही कंपन्या उणे १० पर्यंत जातात, आणि काही मॉडेलांना अधिक (प्लस) नंबरच्या व बायफोकल काचाही असतात. त्यांत सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘CYL’खाली लिहिलेला आकडा, नसतो. म्हणून सिलिंड्रिकल नंबराचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवण्याची रीत आहे. समजा, नंबर उणे ३.२५ आणि सिलिंड्रिकल उणे ०.५० आहे, तर ०.५० चे अर्धे म्हणजे ०.२५ मिळवून उणे ३.५० ची काच घ्यावी. सिलिंड्रिकल नंबर एकच्या वर गेला की ही तडजोड जाणवू लागते, आणि तो दीड-दोन असेल तर चिकटवलेल्या लेन्सचाच मार्ग बरा.

हिशेबाचा आकडा दोन टप्प्यांच्या मध्ये आला तर काय करावे? उणे नंबराच्या बाबतीत मी सहसा कमी नंबराकडे झुकावे असे सुचवेन. पाण्यातून मास्कमध्ये येताना प्रकाश वळतो, त्यामुळे वस्तू जवळजवळ एक तृतीयांशाने मोठी आणि प्रत्यक्षाच्या पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. चार मीटरवरचा दगड तीन मीटरवर भासतो. दूरचे अंधुक दिसणाऱ्याला याचा थोडा फायदाच होतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर गढूळपणामुळे दहा-बारा मीटरपलीकडचे दिसायचेच नसते, तेव्हा अनंत अंतरासाठीचा पूर्ण नंबर तिथे वायाच जातो. चाळिशी ओलांडलेल्यांना कमी नंबराचा आणखी एक लाभ मिळतो, तो म्हणजे मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरचे आणि प्रेशर गेजचे आकडे सोपे जातात. हाताच्या अंतरावरचे गेज, ६० सेंटिमीटरवर असले तरी, डोळ्याला ४५ सेंटिमीटरवर असल्यासारखे वागते, आणि चाळिशीच्या डोळ्याला तेवढे अंतर जड जाते.

मोठ्या नंबराला याच्या उलट दिशेने ओढणारी एक गोष्ट आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर असते, तर मास्कची काच त्याहून लांब. उणे नंबराची काच लांब नेली की तिचा परिणाम कमी होतो. उणे २ ला हा फरक नगण्य आहे. पण उणे ६ नंबराची काच आणखी १० मिलिमीटर लांब गेली, तर तोच परिणाम साधायला उणे ६.४ च्या आसपासची काच लागते. म्हणून मोठ्या नंबराच्या डायव्हरने कमी नंबराकडे फार झुकू नये.

मोठ्या नंबराला काचेचा मध्यही महत्त्वाचा ठरतो. तयार काचेचा मध्य कंपनीने ठरवलेला असतो, आपल्या बाहुल्यांमधल्या अंतराप्रमाणे नव्हे. उणे २ च्या काचेत मध्य ३ मिलिमीटर सरकला तर डोळ्याला ते जाणवतही नाही. उणे ८ मध्ये तेवढ्याच सरकण्याने चौपट ताण येतो आणि डोके दुखणे किंवा दोन-दोन दिसणे सुरू होऊ शकते.

हे सगळे कागदावर सोडवण्यापेक्षा एक सोपा उपाय आहे. ऑप्टिशियनकडे जाऊन ट्रायल फ्रेममध्ये केवळ साधा नंबर, सिलिंड्रिकल न टाकता, घालून बघावा. समोरच्या भिंतीकडे पाहावे आणि हात लांब करून मनगटावरचे घड्याळ वाचावे. मध्ये येणारे दोन्ही टप्पे अशा रीतीने पाहिले की निर्णय आपोआप होतो. मागणी नोंदवताना मॉडेलचे पूर्ण नाव, डावी की उजवी काच आणि नंबर या तीनही गोष्टी लिहाव्यात. एका मॉडेलची काच दुसऱ्यात बसत नाही, मग कंपनी एकच असली तरीही.

काच बदलण्याची कृती

टेबलावर जाडसर टॉवेल अंथरावा. हे काम बेसिनवर करू नये. बारीक पिन आणि स्क्रू नेमके मोरीत जातात. सुरुवातीला मास्कचे समोरून आणि बाजूने फोटो काढावेत, मग स्ट्रॅप काढून बाजूला ठेवावा. दोन्ही काचा बदलायच्या असल्या तरी एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून डोळ्यांसमोर राहते.

फ्रेमचा पुढचा भाग काही मास्कमध्ये नाकाच्या पुलापाशी आणि बाहेरच्या कडांना क्लिपने अडकवलेला असतो, काहींत दोन बारीक स्क्रूंनी, आणि झूम इव्होसारख्या मास्कमध्ये तो अवजाराशिवाय हातानेच निघतो. क्लिप उचकटायला स्क्रूड्रायव्हर वापरू नये, कारण त्याचे टोक निसटून काचेच्या कडेवर आदळले की नवी काचही जाते. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा या कामाला उत्तम आहे. क्लिप हलत नसेल तर जोर न लावता मास्क पुन्हा कोमट पाण्यात ठेवावा. दहातले नऊ वेळा मिठानेच ती धरलेली असते.

पुढची फ्रेम निघाली की काच सिलिकॉनच्या खाचेत बसलेली दिसते. एका हाताने नाकाजवळची सिलिकॉनची ओठासारखी कड बाहेर ताणावी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने काच आतून बाहेर ढकलावी. काच आधीच फुटलेली असेल तर हातमोजे घालून मोठे खडे काढावेत, खाच नळाखाली धरावी आणि नंतर ओल्या कापसाचा बोळा खाचेतून पूर्ण फिरवावा. कापसाचा तंतू जिथे अडकतो तिथे काचेचा कण असतो. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तो कण नव्या काचेच्या कडेवर रुतला तर तडा तिथूनच सुरू होतो.

रिकामी खाच जुन्या मऊ टूथब्रशने आणि भांडी धुण्याच्या साबणाच्या थेंबाने घासावी. आपल्याकडच्या दमट हवेत काळ्या बुरशीचे ठिपके येतात ते याच जागी, आणि काच काढलेली असतानाच ती नीट स्वच्छ होते. सिलिकॉनमध्ये मुरलेले डाग राहिले तरी चालेल. ब्लीच वापरू नये.

नवी काच बसवण्यापूर्वी तिची बाहेरची बाजू ओळखावी. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काचेत पाहावे: ज्या पृष्ठभागात ते सरळ आणि आहे तसेच दिसते ती सपाट, म्हणजे बाहेरची बाजू, ज्यात ते वाकते किंवा लहान-मोठे होते ती आतली. खाच नुसत्या पाण्याने ओली करावी. तेल, ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे लावू नये, कारण तो थर काचेवर पसरून पुढे धुके धरतो. काचेचा नाकाकडचा कोपरा आधी बसवावा आणि मग अंगठा कडेने फिरवत ओठ काचेवर चढवत न्यावा. शेवटचा वरचा कोपरा थोडा हट्टीपणा करतो. तिथे काच न दाबता सिलिकॉन ताणावे. पूर्ण बसल्यावर काचेभोवती सिलिकॉनची रेघ सगळीकडे सारख्या रुंदीची दिसली पाहिजे.

आता फ्रेमचा पुढचा भाग ठेवून एकेक क्लिप बसेपर्यंत दाबावा. एक टोक उचललेले राहत असेल तर जोर लावू नये. खाली सिलिकॉनचा ओठ चिमटलेला असतो, तो मोकळा करून पुन्हा बसवावा. स्क्रू असतील तर दोन्ही आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत.

चाचणी

मास्क उलटा, काचा खाली करून, वर्तमानपत्रावर धरावा आणि स्कर्टच्या वाटीत पाणी ओतून दहा मिनिटे तसाच ठेवावा. कागद ओला झाला तर खाच नीट बसलेली नाही. ही परीक्षा उथळ वाटली तरी पुरेशी बोलकी आहे: खाली जाताना आपण नाकातून हवा सोडून मास्कच्या आतला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाशी जुळवत असतो, त्यामुळे १८ मीटरवर एकूण दाब २.८ बार असला तरी काचेच्या दोन बाजूंमधला फरक थोडाच राहतो. त्यानंतर स्विमिंग पूलमध्ये मास्क घालून, तो पाण्याने भरून रिकामा करून आणि पूर्ण काढून पुन्हा घालून पाहावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून तळाच्या फरशीच्या रेघा पाहाव्यात. त्या दुहेरी दिसल्या किंवा डोके जड झाले तर काचेचा मध्य किंवा नंबर जुळलेला नाही.

नवी काच सुरुवातीला फार धुके धरते, कारण तिच्यावर कारखान्यातला पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतली बाजू बोटाने घासून धुण्याची प्रथा आहे, आणि ती कोटिंग नसलेल्या काचेवर योग्यही आहे. कोटिंग असेल किंवा लेन्स प्लास्टिकची असेल तर टूथपेस्टने ओरखडे पडतात. लायटरच्या ज्योतीने थर जाळण्याची जी युक्ती डायव्हरमंडळी हौसेने दाखवतात, ती नंबरच्या मास्कवर कदापि करू नये. चिकटवलेल्या लेन्सचा गोंद उष्णतेने सुटतो.

चिकटवलेली लेन्स सुटू लागल्यास

कडेने पांढुरका पट्टा, गोंदात बुडबुडे किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग दिसणे ही लेन्स सुटण्याची लक्षणे आहेत. हे घरी दुरुस्त होत नाही. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद वाफेने काचेवर पांढरा थर धरतो, आणि एपॉक्सी कालांतराने पिवळे पडते. शिवाय दोन्हींमुळे पुढे योग्य दुरुस्ती अशक्य होऊन बसते. स्पिरिट आणि ॲसिटोनही दूर ठेवावे. हे काम मास्कच्या लेन्स बसवणाऱ्या खास प्रयोगशाळेचे आहे. तिथे विचारावे की जुनी लेन्स काढून देतात की नवा मास्क लागतो. अनेकदा नवा मास्कच स्वस्त पडतो. पाठवताना एक वर्षाच्या आतला नंबर, सिलिंड्रिकल, त्याचा ॲक्सिस (कोन) आणि दोन बाहुल्यांमधले अंतर, शक्य तर प्रत्येक डोळ्याचे वेगळे, लिहून द्यावे. नवा मास्क घ्यावा लागलाच आणि सिलिंड्रिकल नंबर फारसा नसेल, तर या खेपेला सुट्या काचांचा घ्यावा. स्ट्रॅप न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकातून हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर स्कर्ट चेहऱ्याला बसतो.

स्ट्रॅप आणि बकल यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. सिलिकॉनचा स्ट्रॅप बकलमध्ये दुमडतो तिथे चिरतो. तिथे पांढऱ्या रेघा दिसताच तो बदलावा. बकलही बहुतेक मॉडेलांना सुटे मिळते. बकल अडकवण्याचा फ्रेमचाच कान तुटला असेल तर केबल टाय लावून डायव्हला जाऊ नये.

सहलीत ऐनवेळी

सुटा भाग येईपर्यंत डायव्ह चुकवायची नसेल, तर नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने एकदाच वापरून टाकण्याच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स साध्या मास्कखाली घालता येतात. मास्क भरला की डोळे मिटावेत, आणि डायव्ह संपल्यावर त्या लेन्स काढून टाकून द्याव्यात. समुद्राच्या पाण्यात भिजलेली लेन्स डोळ्यांत ठेवून झोपणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण आहे. कडक कॉन्टॅक्ट लेन्स टाळाव्यात, कारण वर येताना त्यांच्याखाली वायूचे बुडबुडे अडकू शकतात. उणे १ च्या आतला नंबर असेल आणि पाणी फार स्वच्छ नसेल, तर साधा मास्कही निभावतो, मात्र गेजचे आकडे आणि सोबत्याच्या खुणा दिसतात याची खात्री आधी उथळ पाण्यात करून घ्यावी आणि आपल्या डाइव्ह लीडरला नंबराची कल्पना द्यावी.

जुन्या काचा बदलल्यावर त्या चांगल्या असतील तर मऊ कापडात वेगवेगळ्या गुंडाळून, त्यांवर डावी-उजवी, नंबर आणि मॉडेल यांची चिठ्ठी लावून मास्कच्या कडक डब्यातच ठेवाव्यात. बोटीवर मास्क नेहमी त्या डब्यात असावा. मोकळ्या फळीवर ठेवलेल्या मास्कवर चौदा-पंधरा किलोचा सिलिंडर आडवा व्हायला एक लाट पुरते.